पेटीत अमरकोशाची, म्हणजे संस्कृत शब्दांच्या जुन्या कोशाची, पोथी सापडलीय. सगळं नेटवर असताना संस्कृत शिकू का, आणि गावात बसून कसं?

पडवीवरून (देवगड)

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल.

मी देवगड तालुक्यातली. बी.कॉम. झालंय, घरची आंब्याची कलमं आहेत, त्यांचा हिशोब, पेट्यांच्या ऑर्डरी, ट्रकवाल्यांच्या मागे लागणं हे सगळं माझ्याकडे. मे संपताना कौलं चाळायला माणसं आली म्हणून माळा रिकामा केला तर फणसाच्या लाकडाची एक पेटी निघाली, तिच्यात लाल फडक्यात बांधलेली पोथी. सुटी, आडवी लांबट पानं, मोजली तर १०४ भरली, मधली काही नाहीत. अक्षर देवनागरी आणि इतकं सुबक की बघत राहावं. शेवटच्या पानावर "शके १७०५ शोभकृन्नाम संवत्सरे" एवढं लागतंय, पुढे लिहिणाऱ्याचं नाव असणार तिथेच नेमकं कसरीने खाल्लंय. घरात कोणाला माहीत नाही ती कोणाची. बाबा म्हणतात पणजोबांच्याही आधीपासून आहे, आजी म्हणते पूर्वी दसऱ्याला पाटीबरोबर पुजायचे, मग कधीतरी ते बंद झालं.

दहावीला मला संस्कृतात १०० पैकी ९४ होते, पण ते सगळं पाठांतर, आज एक सरळ वाक्य लावायला सांगितलं तर अडते. तरी पहिली ओळ जमेल तशी मोबाईलवर टाईप केली, "यस्य ज्ञानदयासिन्धोः", आणि दोन सेकंदात अख्खा अमरकोश समोर. म्हणजे ज्या कोणी रात्रंदिवस बसून हे हाताने उतरवलं त्याचं सगळं काम मला सड्यावर (कातळाच्या माळावर) रेंज पकडत उभ्या उभ्या फुकट मिळालं. मला त्या दिवशी झोप लागली नाही.

मग मी आमचा आंबा शोधला. सापडला! "आम्रश्चूतो रसालोऽसौ सहकारोऽतिसौरभः". नेटवर तेच, पोथीत तेच. पोर्तुगीजांच्या कलमांतून आपला हापूस आला त्याच्या हजारेक वर्षं आधी कोणीतरी जास्त सुगंधी आंब्याला वेगळं नाव देऊन ठेवलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली परत वाच.

खरा प्रश्न आता येतोय. माशांची नावं जिथे आहेत तिथे (वारिवर्ग म्हणतात बहुतेक) समासात (पानाच्या कोऱ्या कडेला) बारीक बारीक काहीतरी लिहिलंय, मूळ अक्षरापेक्षा वेगळं, वळणदार, मला एक अक्षर लागत नाही. "उलूपी शिशुकः समौ" ह्या ओळीशेजारी पण तसला एक शब्द आहे. मी भाषांतराच्या ॲपमध्ये शिशुक टाकलं तर लहान मूल असं आलं. माशांच्या यादीत लहान मूल कसं येईल? भाऊ म्हणतो फोटो काढून एआयला दे, दोन वर्षांत सगळं आपोआप वाचून मिळेल, तू कशाला डोळे फोडतेस. घरचे अडवत नाहीत पण हंगामात झोपायला वेळ नसतो हे त्यांचंही खरं आहे.

तर सांगा. सगळं आधीच नेटवर असेल तर ह्या एका पोथीला काही अर्थ आहे का? मी नव्याने, नीट, संस्कृत शिकायला घेतलं तर गावात राहून कुठपर्यंत पोचेन? आणि ते बारीक अक्षर कुठलं? फोटो खाली लावलाय, पडवीत उजेडात काढलाय.


सरळबोल (ठाणे, गाव गुहागर तालुक्यात)

ताई, पहिलं पोटाचं बोलतो कारण ते कोणी सांगत नाही. मी संस्कृतात एम.ए. केलं, नंतर नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालो, आणि नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. कॉलेजचं नाव घेत नाही. जून ते मार्च तास, एप्रिल-मेला पगार शून्य, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत, त्याच खुर्चीसाठी. शेवटी मुलगी झाल्यावर सोडलं आणि आता एका कंपनीत वेगळंच काम करतो. संस्कृत, पाली, प्राकृत, ग्रीक कुठलीही जुनी भाषा घ्या, जगभर तिच्या जागा मोजक्या असतात, आणि कोकणातून पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहायचं तर खर्चही धरावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी, पाली, प्राकृत, आसामी, बंगाली ह्या पाचांना अभिजात दर्जा मिळाला, संस्कृतला तर तो २००५ पासून आहे, मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला आणि मी फोन करकरून जुन्या विद्यार्थ्यांशी बोललो. पण दर्ज्यामुळे तुमच्या तालुक्यात उद्या नोकरी निघेल असं धरून चालू नका.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं मत असं की तुम्ही शिकाच. तुमच्याकडे कलमं आहेत, पोट त्याच्यावर आहे, म्हणजे भाषेकडे तुम्हाला काही मागायचं नाहीये. मी नऊ वर्षं शिकवताना अभ्यासक्रम संपवायच्या धांदलीत होतो, एक अख्खा ग्रंथ सावकाश वाचायला मला आत्ता मिळतंय, रात्री दहानंतर. पदवीच्या मागे मात्र लगेच लागू नका. आधी वर्षभर वाचा, मग वाटलं तर बघा, रत्नागिरीत कालिदास संस्कृत विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, मुख्यालयाला रामटेकपर्यंत जायची गरज नाही.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण, निवृत्त शिक्षक)

पोरी, आधी पोथी सांभाळ, बाकीचं नंतर.

पानांना सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, एकदा केलं की पान गेलं समज. मऊ ब्रशने हलक्या हाताने धूळ झाड, पावसाळ्याच्या तोंडावर बंद पेटीत ठेवू नकोस, ओल धरते. स्वच्छ, न रंगवलेल्या सुती कापडात बांध (नव्या लाल कापडाचा रंग ओलीने पानावर उतरतो), आत वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत घालून ठेव, आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या तेच करतात. प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो, फ्लॅश नको, शेजारी पट्टी ठेव म्हणजे पानाचं माप कळेल. आणि पानांचे आकडे समासात असतात ते बघ, त्यावरून कुठली गेलीत ते कळेल. फोटोच्या दोन प्रती कर, एक फोनमध्ये आणि एक घराबाहेर कोणाकडे तरी. २००५ च्या पुरात आमच्याकडे पाणी माडीला लागलं होतं, २०२१ ला परत, त्यामुळे मी हे प्रत्येकाला सांगतो.

आता साल. शक १७०५ मध्ये ७८ मिळव, १७८३. सवाई माधवरावांचा काळ. नुसत्या आकड्यावर विसंबू नये, आकडा वाचण्यात चूक होते, म्हणून संवत्सराचं नाव ताडून बघायचं. ही नावं ६० वर्षांनी परत येतात. शोभकृत म्हणजेच आपल्या पंचांगातला शोभन, तो शके १९४५ ला होता, म्हणजे २०२३ च्या पाडव्याला सुरू झालेलं वर्ष. १९४५ मधून १७०५ गेले २४०, म्हणजे बरोबर चार फेऱ्या. तारीख जुळली. तुझी पोथी खरं बोलतेय.

त्या फाटलेल्या जागेच्या आसपास "भग्नपृष्ठकटिग्रीवा" असं काही लागतंय का बघ. पोथी उतरवणारे शेवटी पुष्कळदा लिहायचे, की पाठ, कंबर, मान मोडून, खाली बघून, कष्टाने हा ग्रंथ लिहिलाय, जपून ठेवा. मी पहिल्यांदा एका पोथीवर ते वाचलं तेव्हा मी पंचविशीत होतो, आणि आजही ती ओळ आली की मी थांबतो.

तू विचारलंस एका पोथीला काय अर्थ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला काम सुरू झालं आणि १९६६ ला संपलं, १२५९ हस्तलिखितं त्यासाठी पाहिली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, कुणाच्या माळ्यावरच्या, कुणाच्या मठातल्या. एकेका श्लोकाखाली टिपा, ह्या पोथीत हा शब्द, त्या पोथीत तो. आज तू मोबाईलवर महाभारत शोधतेस ना, तो मजकूर जपानच्या क्योतोमधल्या मुनेओ तोकुनागांनी संगणकावर घातला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथांनी तपासून सुधारला, पण त्याच्या बुडाशी आहेत त्या १२५९ पोथ्याच. नेटवरचा अमरकोश पण कुठल्यातरी छापील प्रतीवरून आलाय, ती प्रत कुठल्यातरी पोथ्यांवरून. तुझी त्यात नव्हती. म्हणून जिथे जिथे फरक दिसेल तिथे "पोथी चुकली" असं पटकन म्हणू नकोस, वहीत लिहून ठेव.

शिकण्याचं म्हणशील तर भांडारकरांचं मार्गोपदेशिका घे, पहिलं पुस्तक. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणात जन्मले, १८३७ ला, आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकले. कोशवाले वामन शिवराम आपटे सावंतवाडी संस्थानातले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे आमच्या चिपळूणजवळचे, शिक्षण दापोलीला. हे अभिमानासाठी सांगत नाही, सांगतो अशासाठी की ह्या पट्ट्यातल्या मुलांना हे जमतं, वीज नव्हती तेव्हाही जमलं. रोज अर्धा तास, पण रोज. एक धडा झाला की त्यातली वाक्यं मोठ्याने म्हण, लिहून काढ, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून परत लिही. संधी सोडवून देणारी साधनं नेटवर आहेत, हैदराबाद विद्यापीठाची संसाधनी आहे, फ्रान्सच्या जेरार उए यांची साईट आहे, मी सत्तरीत वापरायला शिकलो आणि मला ती फार आवडतात. फक्त आधी स्वतः फोडून बघायचं आणि मग ताडायचं. उलट केलंस तर वर्षाने सुद्धा तिथेच असशील. मी माझ्या दोन विद्यार्थ्यांचं असं झालेलं बघितलंय.


खाडीपलीकडे (जयगड)

मी जहाजावर इंजिनात काम करतो, सहा महिने समुद्रावर, चार महिने घरी. माझी भाषा वेगळी आहे पण प्रश्न तुमचाच होता म्हणून लिहितो.

पेरिप्लस म्हणून एक छोटं ग्रीक पुस्तक आहे, पहिल्या शतकातलं, लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही पण तो स्वतः ह्या मार्गावर फिरलेला वाटतो, तांबड्या समुद्रापासून इथपर्यंत बंदरं, वारे, माल, काय आणावं काय न्यावं सगळं लिहिलंय. त्यात कल्याणनंतर ओळीने आपली बंदरं येतात, सेमिल्ला म्हणजे चौल, मग मंदगोरा, पालैपात्मै, मेलिझेइगारा, बिझांतियोन. त्यातलं मेलिझेइगारा म्हणजे जयगड असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मला हे कळलं तेव्हा मी बाहेर होतो, रात्रीची ड्यूटी संपवून केबिनमध्ये पडलो होतो, आणि माझ्या गावाचं नाव (असलंच तर) दोन हजार वर्षांपूर्वी एका खलाशाने लिहिलंय हे वाचून मी उठून बसलो. भाषांतर होतं माझ्याकडे, पण मला त्याने काय लिहिलं तेच त्याच्या शब्दांत वाचायचं होतं.

जहाजावर तेव्हा नेट म्हणजे आठवड्याला थोडासा डेटा, त्यामुळे बंदरात असताना सगळं उतरवून घ्यायचो. टफ्ट्स विद्यापीठाची पर्सियस म्हणून लायब्ररी आहे, १९८७ पासून चालू आहे, तिथे ग्रीक शब्दावर बोट ठेवलं की व्याकरण आणि कोश उघडतो. सुरुवातीला मी नुसता बोटं ठेवत गेलो आणि सरांनी वर लिहिलंय तेच झालं, चार महिन्यांत काही डोक्यात राहिलं नाही. मग एक साधं पाठ्यपुस्तक छापून घेतलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. शाळेतलं संस्कृत तिथे कामाला आलं. ग्रीकमध्ये पण द्विवचन आहे! देतो म्हणायला ते म्हणतात दिदोमि, आपण म्हणतो ददामि. तेव्हापासून मला दोन्ही भाषा जवळच्या वाटायला लागल्या, मावसबहिणी असाव्यात तशा.

एक वर्ष आणि दोन महिन्यांनी मी ते वाक्य भाषांतर न बघता वाचलं. "मेता दे कल्लिएनान आल्ला एम्पोरिया तोपिका", कल्याणनंतर इतर स्थानिक बाजारपेठा. एवढंच, नावांची यादी आहे, पुढे काही वर्णन नाही. पण एम्पोरिया तोपिका, स्थानिक पेठा, म्हणजे परदेशी माल थेट उतरणारी मोठी बंदरं नव्हेत, आपली आपली, किनाऱ्यावरची. हा तोपिका शब्द मी वाचलेल्या भाषांतरात असा काही गुळगुळीत झाला होता की माझ्या लक्षातच आला नव्हता.

ह्या पुस्तकाचं मुख्य हस्तलिखित जर्मनीत हायडेलबर्गला आहे, नवव्या-दहाव्या शतकातलं, आणि त्याचे फोटो त्यांनी नेटवर ठेवलेत. मी घरी खळ्यात बसून ते पान उघडून आईला दाखवलं. ताई, हे कोणीतरी एकाने उतरवलं आणि कोणीतरी जपलं म्हणून मला जयगडात बसून दिसलं. तुमच्या पोथीचंही तेच आहे, फक्त हायडेलबर्गच्या जागी तुम्ही आहात.

एआयबद्दल: मी विचारून बघितलं होतं की ही पाच बंदरं कुठली, त्याने धडाधड पाचही गावं सांगून टाकली, जराही न अडखळता. प्रत्यक्षात मंदगोरा कोणी बाणकोट म्हणतं, कोणी कुड्याच्या लेण्यांजवळचं मांदाड म्हणतं, वाद अजून चालू आहे. वाद कुठे आहे हे ओळखण्यापुरती तरी भाषा स्वतःला यायलाच हवी असं माझं ठाम मत झालंय.


मोडीवाचक (अलिबाग)

फोटो मोठा करून बघितला. मोडी आहे! मूळ संस्कृत बाळबोध म्हणजे देवनागरीत आणि समासातल्या टिपा मोडीत, कारण रोजचं भराभर लिहायचं ते मोडीत लिहायची सवय. त्यामुळे हा लिहिणारा नुसता उतरवून घेणारा नसणार, तो ह्या पोथीवरून शिकला किंवा शिकवत होता असं मला वाटतं. शाईही थोडी वेगळी दिसतेय, म्हणजे टिपा नंतरच्याही असतील.

"उलूपी शिशुकः समौ" शेजारचा शब्द दोन अक्षरी आहे. पहिलं ग, त्याला काना. दुसरं मी आधी घ धरत होते पण खालचं वळण बघता द आहे, त्यालाही काना. गादा.

आता कोलोन विद्यापीठाच्या साईटवर जाऊन मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा कोश उघडा आणि शिशुक बघा. मूल, पिल्लू, एक झाड असे अर्थ आहेत आणि शिवाय डॉल्फिनसारखा जलचर, गंगेतला. ॲपने पहिला अर्थ उचलला आणि तुम्हाला दिला. कोशाने चारही दिले. आणि तुमच्या पोथीतल्या माणसाने, ज्याने गंगा बघितलीही नसेल, त्याने समोरच्या समुद्रात रोज काय उड्या मारतं ते बघून लिहिलं गादा. इकडे जुनी कोळी माणसं डॉल्फिनला गादा म्हणतात, तुमच्याकडे म्हणतात का ते घरात विचारा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतंय. श्लोक नेटवर आहेत, गादा नाहीये. बंगालमध्ये सर्वानंद नावाच्या पंडिताने ११५९ च्या सुमारास अमरकोशावर टीकासर्वस्व ही टीका (अर्थ उलगडणारा ग्रंथ) लिहिली, त्यात अर्थ सांगताना त्याने तेव्हाच्या बोलीतले ३०० हून जास्त शब्द दिले, आणि आज जुन्या बंगालीचा अभ्यास करणारे त्या शब्दांसाठी ती टीका उघडतात. तुमच्याकडे झाडांच्या, माशांच्या, अवजारांच्या नावांशेजारी अशा किती टिपा आहेत? मला तर कधी एकदा बघते असं झालंय. देवगडच्या बाजूची १७८३ च्या पुढची बोली आहे ती, लिहिणाऱ्याच्या हातची.

तुमच्या भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मोडीला युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या यादीत) जागा २०१४ ला मिळाली आणि २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या लोकांनी मोडी पानांचं देवनागरी करणारं मॉडेल जाहीर केलं, ते शिकवायला २००० हून जास्त पानं माणसांनी आधी वाचून दिली. हे काम फार मोलाचं आहे, दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग पडलेत आणि वाचणारे हात कमी. पण मशीन शिकतं ते वाचलेल्या पानांवरून. समासात तिरकं लिहिलेला एकटा शब्द, मागेपुढे वाक्य नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, शब्द तोडलेले नाहीत, तिथे घ की द हे ठरवायला मला ओळीचा अर्थ माहीत असावा लागला. उलूपी आणि शिशुक म्हणजे काय ते कळलं नसतं तर मी घ धरूनच बसले असते. संस्कृत, मोडी आणि गावची बोली, तिन्ही एका डोक्यात हवं, आणि ते डोकं ह्या घडीला तुमचंच आहे.

मोडी मी शिकवते. दोन महिन्यांत अक्षरं होतात, पुढे सवय. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे हात उचलावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या घरच्यांची नावं रोज पानभर लिहायची, बस.


बंदरजेटी (मालवण)

गादाच. आमचे वडील पागायला (मासे मारायला) जायचे, सकाळी किनाऱ्याजवळ कळप दिसला की ओरडायचे "गादे इले". पर्यटक यायला लागले तसं आता आम्ही पण डॉल्फिन म्हणतो. माझ्या मुलाला हा शब्द माहीत नाही, आज सांगितला.


मांडवीतीर (पणजी)

मी पाली शिकते, दुसरं वर्ष. एकच भर घालते. आमच्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाबद्दल वाचायला मिळेना म्हणून १८९९ मध्ये घर सोडून निघाले, पुणे, काशी, नेपाळ करत शेवटी सिलोनला पाली शिकले. पुस्तक नाही, पत्ता नाही, पैसे नाहीत. आज अख्खा तिपिटक (पालीतले बौद्ध धर्मग्रंथ) माझ्या फोनमध्ये आहे, विपश्यना विशोधन विन्यासाने इगतपुरीहून फुकट दिलाय. मला वाटायचं आता कोणाकडे जायची गरजच उरली नाही. पहिले सहा महिने मी एकटीच वाचलं आणि सोडून द्यायच्या बेताला आले, मग एका भिक्खूंच्या ऑनलाईन वर्गात बसले, आम्ही अकरा जण, कोलंबो, नागपूर, बर्लिन, आठवड्याला दीड पान वाचतो. दीड पान. पण ते दीड पान आठवडाभर डोक्यात राहतं. ताई, एकटी वाचू नका एवढंच.


पडवीवरून (देवगड)

मी काल रात्रीपासून हे सगळं चार वेळा वाचलं. कुणाला काय उत्तर देऊ कळत नाहीये.

आजीला विचारलं. मी फक्त "गादा म्हणजे काय गं" एवढंच म्हटलं, तर ती म्हणाली "समुद्रातले ते, उड्या मारतत ते, तुझे आजे दाखवायचे विजयदुर्गाक जाताना". मग पोथी तिच्यासमोर ठेवली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही मोडी, पण बराच वेळ बोट तिथेच होतं तिचं.

सर, तुम्ही म्हणालात ते बघितलं. फाटलेल्या भागाच्या वर "...टिग्रीवा" एवढं स्पष्ट आहे. माझ्या अंगावर काटा आला. नाव नाही मिळालं तरी ह्या माणसाची मान दुखत होती हे मला कळलं. पोथी जुन्या धुतलेल्या पंच्यात बांधली, वेखंड आठवडा बाजारातून आणलं. मार्गोपदेशिका मालवणच्या एका काकांकडे निघाली, जुनी, पुढचं पान नसलेली, पण धडे सगळे आहेत. पहिला धडा काल केला, आज सकाळी पुस्तक मिटून लिहिला तर पाच चुका, तपासून परत लिहिला.

सरळबोल दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि बरं वाटलं की तुम्ही अजून वाचता. नोकरीसाठी नाहीच करत आहे मी. कलमांना मोहर येईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या आसपासपर्यंत माझ्या हातात वेळ असतो, नंतर फवारण्या, मग पेट्या. तेवढ्यात मोडीची अक्षरं आणि पहिलं पुस्तक निम्मं असा बेत आहे.

भावाला पण कामाला लावलंय. तो आता सगळी पानं नीट क्रमाने फोटो काढून देतोय, १०४ पानं म्हणजे २०८ फोटो, आणि फाईलना पानांचे आकडे देतोय. पूर्ण झाल्यावर सगळ्यांना उघडं ठेवायचं असं आम्ही ठरवलंय, बाबा हो म्हणालेत.

मोडीवाचक ताई, आंब्याच्या ओळीशेजारी पण आहे हो टीप! मी आधी आनंदात बघितलीच नव्हती. तीन शब्द आहेत, एकाखाली एक, सहकार ह्या शब्दापासून बारीक रेघ ओढून. आंब्यांच्या जातींची नावं असतील का ती? पहिल्यातलं पहिलं अक्षर मला प वाटतंय पण मी फक्त दोन दिवस शिकतेय. फोटो खाली लावते. तुम्ही लगेच सांगू नका, रविवारपर्यंत मला प्रयत्न करू दे. रविवारी संध्याकाळी सात वाजता मी सड्यावर येते, तिथे रेंज बरी असते, कोणाकोणाला जमेल?


वाशिष्ठीकाठ (चिपळूण, निवृत्त शिक्षक)

मी आहे. सातला. वनौषधिवर्ग (झाडांचा भाग) काढून ठेवतो, आम्रापासून सुरू करू.


खाडीपलीकडे (जयगड)

२० तारखेपर्यंत घरी आहे, येतो. नंतर जहाजावरून जमेल तसं.